थाई नवरा, ब्रिटिश पासपोर्ट आणि 11 एप्रिलची मुदत

माझा नवरा ईशान्य थायलंडमधल्या खोन केनचा. मी मूळची सांगलीची, पण शाळेपासून सगळं आयुष्य इंग्लंडमधल्या लेस्टरमध्ये गेलं आणि पासपोर्ट ब्रिटिश. लग्नाच्या नोंदणीपासून तो जोडीदाराच्या व्हिसावर इथे घरी येईपर्यंत जे करावं लागलं ते लिहिते आहे. मुख्य गोष्ट आधीच सांगते. आमचं नातं खरं आहे हे दाखवणं अवघड गेलं नाही. अवघड होतं ते वेगवेगळ्या देशांच्या कागदांवर वेगवेगळ्या तऱ्हेने लिहिलेली नावं आणि सालं एकाच माणसाची आहेत हे दाखवणं.

थायलंडमध्ये भिक्खूंचे आशीर्वाद घेतले, मनगटाला पांढरा दोरा बांधला, तरी कायद्याने लग्न होत नाही. जिल्हा कार्यालयात नोंद झाली की लग्न; बँकॉकमध्ये या कार्यालयाला ‘खेत’ म्हणतात. परदेशी माणसाला त्याआधी आपल्या दूतावासाकडून लग्नाला मोकळं असल्याचं प्रतिज्ञापत्र घ्यावं लागतं. मी ते बँकॉकच्या ब्रिटिश दूतावासातून घेतलं. मग त्याचं थाई भाषांतर, आणि ते घेऊन चेंग वत्थना रस्त्यावर परराष्ट्र मंत्रालयाच्या कॉन्सुलर विभागात शिक्क्यासाठी. हा शिक्का असल्याशिवाय खेतमध्ये पुढचं काही होत नाही.

पहिला अडथळा भाषांतराच्या टेबलावर आला. आपल्या पद्धतीप्रमाणे माझ्या पासपोर्टवर मधलं नाव बाबांचं आहे. भाषांतर करणाऱ्या बाईंना वडिलांच्या रकान्यात तेच नाव पुन्हा दिसलं आणि कुठेतरी चूक झाली असं वाटून त्या थांबल्या. नवऱ्याने त्यांना आपली पद्धत समजावली, आणि माझी तिन्ही नावं थाई लिपीत कशी लिहायची ते एका कागदावर लिहून दिलं. पुढच्या प्रत्येक भाषांतराला आम्ही तोच कागद जोडला. कुणी हे करणार असेल तर हा कागद सगळ्यात आधी तयार करा. परक्या लिपीत एकच आडनाव चार जण चार प्रकारे लिहितात, आणि व्हिसा अधिकाऱ्याला त्यात चार बायका दिसू शकतात.

नवऱ्याच्या बाजूने वेगळीच गुंतागुंत होती. थाई लोक पहिलं नाव सहज बदलतात. आजारपण मागे लागलं म्हणून सासूबाईंनी त्याचं नाव तो विशीत असताना बदललं. त्यामुळे पदवीवर एक नाव, पासपोर्टवर दुसरं. शिवाय घरात आणि मित्रांत त्याला तिसऱ्याच, एका अक्षरी टोपणनावाने हाक मारतात, आणि मीही. ‘लाइन’ या मेसेजिंग अ‍ॅपवरच्या आमच्या सगळ्या गप्पांत तेच नाव. म्हणून नाव बदलल्याचा दाखला, त्याचं इंग्रजी भाषांतर आणि माझ्या पत्रात टोपणनावाबद्दल दोन ओळी, एवढं आम्ही न मागता दिलं.

सालांचंही तसंच. थाई कागदांवर बौद्ध संवत असतो, 543 वर्षं पुढे. आमच्या लग्नाच्या दाखल्यावर 2566 आहे, म्हणजे 2023. इंग्रजी भाषांतरात इसवी सनच लिहायला सांगा आणि प्रत्येक तारीख स्वतः वजाबाकी करून बघा.

खेतमध्ये दोन कागद मिळतात. ‘खो रो 3’ हे नक्षीदार किनारीचं प्रमाणपत्र, नवराबायकोला एकेक. ‘खो रो 2’ ही नोंदवहीतली नोंद: आईवडिलांची नावं, साक्षीदार, आडनावाबद्दल काय ठरलं, सगळं त्यात असतं. बरेच जण पहिलाच कागद जोडतात. माझ्या मते दोन्हींचं भाषांतर द्यावं, कारण माणसाची ओळख पटते ती दुसऱ्यात. त्याच्या घराची नोंदवही, ‘थाबियान बान’, आपल्या रेशन कार्डासारखी घरमालकिणीच्या, म्हणजे सासूबाईंच्या ताब्यात. त्या ती घेऊन स्वतः रात्रीच्या बसने बँकॉकला आल्या, कुरियरवर विश्वास नाही म्हणून.

हे सगळं नोव्हेंबरात झालं. आम्हाला वाटलं, आता व्हिसाचा अर्ज सावकाश करू. पण 4 डिसेंबर 2023 ला ब्रिटनच्या गृहमंत्र्यांनी संसदेत जाहीर केलं की जोडीदाराला आणणाऱ्याचं किमान वार्षिक उत्पन्न 18,600 वरून 38,700 पाउंड होणार. पुढे ते टप्प्याटप्प्याने करायचं ठरलं: 11 एप्रिल 2024 पासून 29,000. मी एका शाळेच्या ऑफिसात काम करते, पगार 25,000 च्या आसपास. त्या तारखेच्या आत अर्ज गेला तर नवरा येणार, नंतर गेला तर नाही.

याबद्दल मला आजही मनापासून राग आहे. मोजतात ते इथल्या जोडीदाराचं उत्पन्न. नवऱ्याचा थायलंडमधला पगार त्यात धरत नाहीत, इथे नोकरी देतो म्हणणाऱ्याचं पत्रही नाही. पगार कमी पडला तर साठवलेले पैसे चालतात, पण 29,000 च्या नियमात एकट्या बचतीवर जायचं तर 88,500 पाउंड सहा महिने खात्यात हवेत. शाळेत, वृद्धाश्रमात, दुकानात काम करणाऱ्या माणसाकडे एवढे कुठून येणार? 2017 मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने मुलांच्या हिताचा पुरेसा विचार होत नाही म्हणून नियमांना दोष दिला, पण किमान उत्पन्नाची अट कायदेशीर ठरवली. त्याच वर्षी अट बेकायदा ठरली असती तर किती घरं जोडलेली राहिली असती, हा विचार मनातून जात नाही. 38,700 चा टप्पा पुढे नव्या सरकारने थांबवला. 29,000 मात्र राहिले.

मग धावपळ. सहा महिन्यांच्या पगाराच्या पावत्या आणि त्याच महिन्यांची बँक स्टेटमेंट, आकडा आकड्याशी जुळणारी. शाळेकडून नोकरीचं पत्र. आम्ही आई-बाबांच्याच घरी राहणार होतो, म्हणून घराच्या मालकीची नोंद आणि बाबांचं पत्र की ही खोली या दोघांची. बाबांनी ते पत्र स्वतःच्या हाताने लिहिलं आणि जावयाला ‘आमचा मुलगा’ म्हटलं. बँकॉकमध्ये त्याने आयओएमच्या (आंतरराष्ट्रीय स्थलांतर संघटनेच्या) केंद्रात क्षयरोगाची तपासणी केली आणि ए1, म्हणजे सगळ्यात सोप्या पातळीची इंग्रजीची परीक्षा दिली, दोन्ही सुरळीत.

मार्चमध्ये अर्ज भरला. फी 1,846 पाउंड. त्यावर इथल्या सरकारी आरोग्यसेवेसाठीचा आरोग्य अधिभार: फेब्रुवारीतच तो वर्षाला 624 वरून 1,035 झाला होता. पहिला व्हिसा 33 महिन्यांचा, पण पैसे पूर्ण तीन वर्षांचे घेतात, म्हणजे 3,105. दोन्ही मिळून 4,951 पाउंड, आणि नकार आला तर फी परत नाही. आईने तिच्या पाटल्या मोडायची तयारी दाखवली. तशी वेळ आली नाही, पण तिने विचारलं हे मी विसरणार नाही.

उन्हाळ्यात व्हिसा आला. पासपोर्टवर 90 दिवसांचं स्टिकर, आणि इथे पोचल्यावर पोस्टातून घ्यायचं कार्ड. कार्डावर मुदत 31 डिसेंबर 2024 बघून आम्ही दोघं हादरलो. कारण एवढंच की ती कार्डंच बंद होऊन सगळं ऑनलाइन ई-व्हिसावर जाणार होतं. खरी परवानगी मंजुरीच्या पत्रात लिहिलेली, 2027 पर्यंतची. ते पत्र जपून ठेवा.

2027 च्या वसंतात अडीच वर्षांच्या मुदतवाढीचा अर्ज, त्याला ए2 पातळीची परीक्षा. आधीच्या नियमात आलेल्यांना तेव्हाही 18,600 चीच अट आहे. पाच वर्षांनी कायमचा निवास, त्यासाठी बी1 इंग्रजी आणि ‘लाइफ इन द यूके’ची 24 प्रश्नांची परीक्षा. तो मिळाला की ब्रिटिश नागरिकाच्या जोडीदाराला नागरिकत्वासाठी आणखी वर्षभर थांबावं लागत नाही. थाई कायदा अशा वेळी मूळ नागरिकत्व सोडायची सक्ती करत नाही. सोडायचं असेल तर सोडा म्हणतो. त्याच्याकडे दोन्ही पासपोर्ट राहतील याचा मला फार आनंद आहे, कारण माझा भारतीय पासपोर्ट ब्रिटिश झाले तेव्हा परत करावा लागला होता. माझ्याकडे ओसीआय कार्ड आहे, परदेशी नागरिक झालेल्या मूळ भारतीयांना भारत सरकार देतं ते. ओसीआयधारकाच्या परदेशी जोडीदाराला लग्नाच्या नोंदणीला दोन वर्षं झाल्यावर तेच कार्ड मागता येतं, आणि आमची दोन वर्षं भरली आहेत. त्याच्या अर्जासाठी खो रो 2 आणि खो रो 3 ची फाइल पुन्हा बाहेर काढली आहे, आणि माझी तिन्ही नावं थाईत लिहिलेला तो कागदही.