रबरी तवा आणि अर्धवट भांडण

मागून गोळ्या सुटताहेत, नवरा-बायको जीव मुठीत धरून पळताहेत, आणि ती धापा टाकत विचारते, "गॅस बंद केला होतास ना?" साध्यासुध्या जोडप्याची अ‍ॅक्शन-कॉमेडी इथून सुरू होते. या दोघांना मारामारी येत नसते. भांडण मात्र पाठ असतं.

न येणारी मारामारी बसवणं हे महाकठीण काम. वेडावाकडा ठोसासुद्धा आधी मोजूनमापूनच बसवतात. कॅमेरा एकाच्या खांद्यामागे लावला की मूठ आणि गाल यांच्यातलं वीतभर अंतर झाकलं जातं. पडद्यावर सेकंदाला २४ फ्रेम सरकतात. गुंडाची मान चार-पाच फ्रेम आधी हलली तरी त्याला मार आधीच कळला होता, हे प्रेक्षकाला दिसतं.

गुंडाला हाणायचे तवे तर दोन लागतात. जवळून दिसतो तो लोखंडी, डोक्यात बसतो तो रबराचा. रबरी तवा हलका, त्यामुळे नटी तो पंख्यासारखा फिरवते आणि सगळा खेळ फसतो. दोन्ही हातांत धरायचा, उचलताना कंबर किंचित मागे, फिरवल्यावर आपलाच तोल जायला हवा. वजन तव्यात नाही, अंगात दाखवायचं. 'खण्ण' नंतर ध्वनीवाले घालतात. फुटणाऱ्या बाटल्या पूर्वी साखरेच्या पाकाच्या असत. दमट हवेत त्या चिकट होत, म्हणून पुढे रेझिन, म्हणजे ठिसूळ प्लास्टिकसारखा पदार्थ, आलं.

पाठलागात नवरा गाडी चालवतोय असं दिसतं. पुष्कळदा टपावर पिंजरा बसवून खरा चालक त्यात बसवतात आणि तो कॅमेऱ्याच्या चौकटीबाहेर ठेवतात. खाली दोघं भांडायला मोकळे. फक्त भांडणाच्या भरात नटाने सरळ रस्त्यावर स्टिअरिंग गरागरा फिरवू नये. फिरवतातच.

२०१०च्या 'डेट नाइट' या अशाच हॉलिवूडच्या सिनेमात दोन गाड्या नाकाला नाक लावून अडकतात आणि तशाच धावतात. एक पुढे निघाली की दुसरीने उलटं जायचं. संवाद न लिहिता संसार दाखवायचा तर याहून सोपी सोय नाही!

पटकथा मात्र बहुधा भांडणातच घसरते. दर प्रसंगाला नवा वाद काढला की नुसते फुटकळ विनोद उरतात. वाद एकच हवा. गोळीबाराने तो तीनदा तुटावा आणि जिथे तुटला त्याच शब्दापासून पुन्हा सुरू व्हावा. संकलकानेही हशाला सेकंद-दीड सेकंद जागा सोडावी, नाहीतर पुढचं वाक्य वाया जातं.

गॅसचं उत्तर अर्थातच शेवटपर्यंत राखून ठेवायचं. दोघं फाटक्या कपड्यांनी घरी येतात, दार मोडलेलं, दिवाणखान्यात एक गुंड आडवा. त्याला ओलांडून दोघंही आधी नाक वर करून वास घेतात.