पीचची पानं मुरडण्याआधी: सांता क्लारा खोऱ्यातल्या हंगामाची नोंद

झाडं तीन: एल्बर्टा पीच, सांता रोझा प्लम आणि ब्लेनहाईम जर्दाळू. कॅलिफोर्नियातल्या बे एरियात (सॅन फ्रान्सिस्को उपसागराच्या परिसरात) पाऊस हिवाळ्यात पडतो. ऐन कळ्या फुगायच्या वेळी साल ओली राहते आणि आठळीच्या फळझाडांची बरीच दुखणी तिथूनच सुरू होतात. सगळ्यात जास्त छळतो तो पीचचा पानमुरड्या रोग, म्हणून ही नोंद मुख्यतः त्याचीच.

नोव्हेंबर अखेर. पीचची पानगळ संपली, पहिली फवारणी केली. टॅफ्रिना डिफॉर्मन्स या बुरशीचे बीजाणू हिवाळाभर सालीवर आणि कळ्यांच्या खवल्यांवर बसून असतात. पावसाचं पाणी त्यांना फुगत्या कळीत उतरवतं. म्हणजे औषध उघड्या फांद्यांवर पडायला हवं. पानं आल्यावर मारून काहीही हाती लागत नाही.

फवारणी तांब्याच्या औषधाची. ते तयार घेणार असाल तर लेबलवर धातुरूप तांब्याचं प्रमाण बघा. कॉपर सोपमध्ये ते १.८ टक्के असतं, कॉपर अमोनियमच्या द्रावणात ८ टक्के. त्यात १ टक्का बागायती तेल (१० लिटरला १०० मिली) मिसळलं की परिणाम वाढतो.

आमची पसंती मात्र बोर्डो मिश्रणालाच, कारण पावसात ते जास्त टिकून राहतं. नाशिककडच्या द्राक्षवाल्यांना यात नवं काही नाही. १० लिटरसाठी १२० ग्रॅम मोरचूद (कॉपर सल्फेट) आणि १२० ग्रॅम विझवलेला चुना घ्या. मोरचूद प्लास्टिकच्या बादलीत ५ लिटर पाण्यात पूर्ण विरघळवा (लोखंडी किंवा जस्ताचं भांडं नको, ते खाल्लं जातं). चुना दुसऱ्या ५ लिटरमध्ये कालवून फडक्यातून गाळा, नाहीतर नोझल तुंबतं. मग मोरचुदाचं पाणी चुन्याच्या पाण्यात हळूहळू ओता आणि सतत ढवळत राहा. रंग आभाळी निळा यायला हवा. आता घासलेला लोखंडी खिळा थोडा वेळ बुडवून बघा. त्यावर तांबूस थर चढला तर मिश्रण आम्लधर्मी आहे. ते झाड भाजेल, चुना वाढवा. चुना ताजाच हवा. उघड्या पिशवीतला चुना हवा खाऊन निकामी होतो आणि प्रमाण बरोबर असूनही मिश्रण बिघडतं. केलेलं मिश्रण त्याच दिवशी संपवा. शिळ्याचे कण जाड होतात आणि सालीला धरत नाहीत.

फवारा चहूबाजूंनी, शेंड्यांपर्यंत, थेंब गळू लागेपर्यंत मारा. हातमोजे आणि चष्मा हवाच. पुढचा दिवस कोरडा असेल असा मुहूर्त धरा. उरलेलं पाणी रस्त्याच्या गटारात ओतू नका. ते थेट खाडीत जातं आणि तांबं माशांना घातक असतं.

फेब्रुवारी सुरुवात. ओला हिवाळा, म्हणून दुसरी फवारणी. कळी जवळून बघा: दोन फुगीर फूलकळ्या, मध्ये टोकदार पानकळी. तपकिरी खवले सैल होऊन करडी लव दिसू लागण्याच्या जरा आधीची वेळ साधायची. हिरवं टोक बाहेर आलं की संधी गेली. १६ अंशांखालच्या हवेत कळी साडेबारा तासांहून जास्त ओली राहिली की लागण होते.

एप्रिल. फवारलेला भाग स्वच्छ. कुंपणाला टेकलेल्या फांद्यांवर, जिथे फवारा पोहोचत नाही, पानं जाड, लालसर, फोड आल्यासारखी. काहींवर पांढरट भुकटीही. ही भुकटी म्हणजे पुढच्या हंगामाचे बीजाणू. आता फवारू नका. फळांची विरळणी वाढवा, पाणी नियमित द्या. पानं गळून फांद्या उघड्या पडल्या तर पांढरा लॅटेक्स रंग निम्मं पाणी घालून लावा, म्हणजे साल उन्हात भाजत नाही. हवा तापली की रोग आपोआप थांबतो.

प्लमची पानंही मुरडली होती, पण जाड झालेली नव्हती. उलटून पाहिलं तर मावा निघाला. तिथे तांब्याचा काही उपयोग नाही. पाण्याचा जोरदार फवारा मारला. पानांवर गोल ठिपके पडून भोकं राहिली असतील तर तो शॉट होल, वेगळी बुरशी. त्याला पानगळीनंतरची फवारणी उपयोगी पडते.

जर्दाळूची छाटणी हिवाळ्यात अजिबात नको. पावसात ओल्या जखमेतून युटिपा नावाची बुरशी शिरते आणि अख्खी फांदी वाळते. जुलै-ऑगस्टमध्ये छाटा, म्हणजे पावसाआधी निदान सहा आठवडे कोरडे मिळतात. झाडावर वाळून लटकलेली फळंही काढून टाका. तपकिरी कूज त्यातूनच मोहोरावर येते.

नवीन झाड लावणार असाल तर 'फ्रॉस्ट' ही पानमुरड्याला दाद न देणारी पीचची जात बघा. पहिली दोन-तीन वर्षं मात्र तिलाही फवारणी लागते. रोग ओळखता येत नसेल तर कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या कीडनियंत्रण विभागाची माहितीपत्रकं फोटोंसह मोफत मिळतात आणि काउंटीचे मास्टर गार्डनर स्वयंसेवक प्रश्नांना उत्तरं देतात. विचारताना पानाच्या दोन्ही बाजूंचा आणि फांदीचा फोटो पाठवा. एका बाजूच्या फोटोवरून मावा आणि बुरशी यांत फरक करणं अवघड जातं.