आमची वाटचाल: वॉरंटी संपलेल्या गाड्यांचे शॉकअप

आमच्या कार्यशाळेत येणाऱ्या बहुतेक मोटरसायकलींची वॉरंटी संपलेली असते. वॉरंटी आहे तोवर गाडी कंपनीच्या अधिकृत केंद्रात जाते, आणि तिथंच जावी असं आम्हीही सांगतो. ती संपली की एखाद्या दिवशी मागचा मोनोशॉक (मागच्या चाकाचा एकच शॉकअप) बसतो किंवा पुढच्या फोर्कमधून, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या दोन पायांमधून, तेल ओघळायला लागतं. मग गाडीवाल्याला सांगितलं जातं, ‘दुरुस्ती होत नाही, अख्खी असेंब्ली बदलावी लागेल.’ याशिवाय दुसरा काही मार्ग आहे का, हे शोधता शोधता आमचा व्यवसाय उभा राहिला.

सुरुवातीला आमचं साधं गॅरेज होतं. इंजिन, ब्रेक, क्लच, वायरिंग, जे येईल ते काम. सस्पेन्शनच्या कामात दोनच गोष्टी यायच्या: फोर्कचं ऑइल सील बदलणं आणि मागचा शॉकअप काढून नवा बसवणं. काढलेले जुने शॉकअप कोपऱ्यात साठत जायचे. भंगारात देण्याआधी त्यातला गॅस सोडून ते उघडून बघायची सवय आम्हाला लागली, आणि तिथंच धंद्याची दिशा बदलली. नळी चांगली, स्प्रिंग शाबूत, दांड्यावरचं क्रोम आरशासारखं, पिस्टनला ओरखडासुद्धा नाही. गेलेलं असायचं फक्त दांड्याभोवतीचं सील. रबर कडक झालेलं, कड झिजलेली, तेल निम्म्याहून कमी आणि काळं पडलेलं. हाताच्या बोटात मावणाऱ्या एका सीलपायी पूर्ण शॉकअप टाकून दिला जात होता. ते पाहून मला खरोखर वाईट वाटायचं, आजही वाटतं.

शॉकअप आत काय करतो हे ग्राहकाला समजावून सांगितल्याशिवाय आम्ही काम हाती घेत नाही. स्प्रिंग वजन पेलते; तिची उसळी आवरायचं काम डॅम्परचं. दांड्याच्या टोकाला असलेला पिस्टन तेलातून मागेपुढे सरकतो, तेल त्याच्या छिद्रांतून आणि पातळ पोलादी चकत्यांमधून वाट काढतं, आणि खड्ड्यातून आलेल्या झटक्याची उष्णता होते. तेलाला फेस आला तर ही पकड सुटते. म्हणून मोनोशॉकमध्ये तेलामागे नायट्रोजन दाबाने भरलेला असतो. दाब मॉडेलप्रमाणे बदलतो, पण १० बारच्या आसपास किंवा त्याहून जास्त असणं नेहमीचं. तेल आणि गॅस यांच्यामध्ये तरंगता पिस्टन किंवा रबरी फुगा असतो. पुढच्या फोर्कमध्ये तत्त्व तेच, रचना वेगळी. तेलाने उसळी आवरणारा दुर्बिणीसारखा फोर्क बीएमडब्ल्यूने १९३५ मध्ये आर १२ या मोटरसायकलवर आणला. आज बहुसंख्य गाड्यांच्या पुढच्या चाकाला त्याच घराण्यातली रचना असते.

‘काल चांगली होती हो गाडी, आज अचानक गेली,’ हे वाक्य आम्ही सतत ऐकतो. ग्राहक खोटं बोलत नसतो. पण शॉकअप उघडला की बऱ्याचदा वेगळी गोष्ट दिसते. गॅस हळूहळू निसटलेला असतो, तेल पातळ होत गेलेलं असतं, आणि चालवणाऱ्याचं शरीर त्या बदलाला रोज थोडं थोडं सरावलेलं असतं. वळणावर मागचं चाक तरंगतंय, गतिरोधकावरून उतरल्यावर गाडी दोनदा हेलकावते, मागे माणूस बसला की बूड टेकतं, हे सगळं अंगवळणी पडतं. शेवटी सील पूर्ण हार मानतं, उरलेलं तेल एका फेरीत बाहेर येतं, आणि तो दिवस तेवढा लक्षात राहतो.

वॉरंटी संपल्याबरोबरच हे का होतं, असाही प्रश्न हमखास येतो. त्यामागे कट आहे असं मला वाटत नाही. उष्णता, धूळ आणि काळ या तिन्हींनी रबर म्हातारं होतं. फोर्कच्या तेलासाठी आम्ही साधारण २०,००० किलोमीटर किंवा दोन वर्षं, जे आधी होईल ते, अशी मुदत सांगतो. मागच्या शॉकअपचं तेल बदलायचा उल्लेख तर बऱ्याच गाड्यांच्या सर्व्हिस तक्त्यात नसतोच. त्यामुळे पहिल्या दिवशी भरलेलं तेल आणि पहिलं सील, दोन्ही वॉरंटीचा सगळा काळ ओढून नेतात आणि त्यानंतर दम तोडतात. शिवाय सील हा झिजणारा भाग मानला जात असल्याने वॉरंटीत असतानाही पुष्कळदा त्याचा खर्च मिळत नाही.

खरोखर क्षणात होणारे बिघाडही असतात, आणि ते जास्त धोक्याचे. गंजाच्या बारीक खड्ड्यापासून स्प्रिंगला तडा जातो आणि ती तुटते. शॉकअपच्या खालच्या डोळ्याचा, म्हणजे टोकाच्या कडीचा, बोल्ट कातरला जातो. चिमटा (मागचं चाक धरणारा हात) आणि शॉकअप जोडणाऱ्या लिंकेजमधलं बेअरिंग पाणी शिरून जाम होतं आणि सगळा भार वाकड्या दिशेने दांड्यावर येतो. अशा वेळी फोन आला तर आमचं उत्तर ठरलेलं आहे: गाडी चालवू नका, टेम्पोत घालून आणा. स्प्रिंग आणि डोळा शाबूत आहे, फक्त डॅम्पर बसलाय, तर मागे माणूस आणि सामान न घेता, अगदी सावकाश, जवळच्या सुरक्षित जागेपर्यंत जाता येईल. पण फोर्कचं तेल पुढच्या डिस्कवर किंवा ब्रेक पॅडवर आलं असेल तर तेवढंही नाही. डिस्क ब्रेक क्लीनरने स्वच्छ होते. तेल प्यायलेले पॅड मात्र आम्ही नेहमी बदलतो. पुसून चालतील का, असं विचारणाऱ्याला मी स्पष्ट नाही म्हणतो.

काम सुरू झालं तसं पहिलं आव्हान आलं सुट्या भागांचं. कंपन्या शॉकअप अखंड विकतात. आतलं सील, बुश (दांडा ज्यातून सरकतो ती बारीक नळी), सील हेड (सील बसवलेलं नळीचं झाकण) वेगळं मिळत नाही. मग मापं घ्यायची. फोर्कच्या सीलचं एक सोपं आहे, ४१ × ५४ × ११ मिलिमीटर अशा प्रमाणित मापांत ते बाजारात मिळतं. मोनोशॉकला दांडा १२.५, १४ की १६ मिलिमीटरचा, नळीचा आतला व्यास किती, सील बसतं ती खाच किती खोल, हे सगळं मायक्रोमीटरवर बघावं लागतं. जिथं सील हेडच दुरुस्तीला येत नव्हतं, तिथं लेथवर नवं करायला शिकलो. काही शॉकअपच्या नळ्यांची तोंडं कारखान्यात दाबून बंद केलेली असतात. ती कापून, आटे पाडून, पुन्हा उघडता येतील अशी केली. नायट्रोजनचं सिलिंडर, रेग्युलेटर, स्प्रिंग कॉम्प्रेसर, दांड्याला ओरखडा न पाडणारे मऊ जबडे, अशी हत्यारं एकेक करून आली. सुरुवातीला काहीजण म्हणायचे, कॉम्प्रेसरची हवाच भरा की. हवेत ओलावा असतो, तापल्यावर दाब भलताच बदलतो, आणि ऑक्सिजन तेल खराब करतो. नायट्रोजनच हवा.

तेलाचाही एक धडा होता. डब्यावर ‘१० डब्ल्यू’ लिहिलंय म्हणून दोन कंपन्यांची तेलं सारखी नसतात. तोच आकडा लिहिलेल्या दोन डब्यांतल्या पातळपणात चांगलाच फरक निघतो. म्हणून आम्ही डब्यावरच्या आकड्याऐवजी ४० अंश सेल्सिअसला किती सेंटिस्टोक्स (तेलाचा घट्टपणा मोजायचं एकक) आहे हे बघून तेल निवडतो. फोर्कमध्ये तेल भरताना स्प्रिंग बाहेर काढून, फोर्क पूर्ण दाबून, वरच्या कडेपासून तेलाची पातळी मोजतो. दोन्ही पायांत ती तंतोतंत सारखी हवी.

या सगळ्याला शिस्त आणली ती आमच्याकडे शिकायला आलेल्या एका मुलाने. तो प्रत्येक शॉकअपचं एक कार्ड लिहायचा: उघडण्याआधी गॅसचा दाब किती होता, तेलाचा रंग कसा, चकत्या कुठल्या क्रमाने लावलेल्या होत्या, दांडा किती सरळ. आधी मला ते वेळखाऊ वाटत होतं. पण तोच शॉकअप पुन्हा आला, किंवा त्याच मॉडेलचा दुसरा आला, की कार्ड काढायचं आणि कामाला लागायचं. आज त्या कार्डांची कपाटं भरली आहेत, आणि आमच्या यंत्रांपेक्षा मला ती जास्त मोलाची वाटतात. तो मुलगा आता आमचा भागीदार आहे.

सर्वांत अवघड निर्णय होता, नाही कधी म्हणायचं. फोर्कच्या पाइपवर सील फिरतं त्या भागात क्रोमला गंजाचे खड्डे पडले असतील, तर नुसतं नवं सील घालणं म्हणजे ग्राहकाचे पैसे वाया घालवणं. खड्डा त्या पट्ट्याच्या बाहेर असेल तर गोष्ट वेगळी. पाइप सरळ आहे का ते बघायला तो व्ही ब्लॉकवर (व्ही आकाराच्या खाचेच्या ठोकळ्यांवर) ठेवून डायल गेज या मापकाखाली फिरवतो. वाकलेला निघाला तर तो दाबून सरळ करून द्या, हा आग्रह आम्ही मान्य करत नाही. एका गृहस्थांच्या शॉकअपच्या डोळ्याजवळ केसाएवढी भेग होती. त्यांनी वेल्डिंग करून द्या म्हणून बरीच गळ घातली, रागावूनही गेले. त्या सांध्यावर माणसाचा जीव टांगलेला असतो. तिथं आम्ही तडजोड केली नाही आणि करणार नाही.

दुसरा निर्णय धंद्याच्या दृष्टीने तोट्याचा दिसतो. वॉरंटी नुकतीच संपलेली गाडी आली की आम्ही शॉकअपला हात लावायच्या आधी तीन गोष्टी विचारतो. चासी नंबर टाकून कंपनीने रिकॉल (दोष दुरुस्त करायला गाड्या परत बोलावणं) काढला आहे का ते पाहिलंत का? सुरक्षिततेसाठीचा रिकॉल वॉरंटीच्या तारखेवर अवलंबून नसतो. सर्व्हिसच्या नोंदी पूर्ण आहेत का? आणि कंपनीला लेखी विनंती केली आहे का? मुदत थोडक्यात हुकली असेल आणि नोंदी नीट असतील, तर कंपन्या कधी कधी सद्भावना म्हणून पूर्ण किंवा काही खर्च उचलतात. पण शॉकअप एकदा बाहेर उघडला गेला की ते दार जवळजवळ बंद होतं. म्हणून आम्ही बाहेरून तपासणी करून, फोटो आणि किलोमीटरच्या आकड्यासह एका पानाचा अहवाल लिहून देतो आणि ग्राहकाला आधी तिकडे पाठवतो. त्यात राग, आरोप काही नसतं. काय दिसलं तेवढंच असतं. काहींचं काम तिथंच होतं, ते परत येत नाहीत. ते काम गेल्याचं मला कधी दुःख झालं नाही. ज्यांना नकार मिळतो ते परत येतात, आणि येताना मनात किंतु ठेवून येत नाहीत.

काहींना तर आम्ही काहीच न उघडता परत पाठवतो. शॉकअप गेला म्हणून आलेल्या गाडीत कधी टायरची हवा निम्मी असते, कधी कोनसेट (हँडलचं बेअरिंग) ढिला, कधी लिंकेज कोरडं पडलेलं, कधी प्रीलोड (स्प्रिंग आधीच किती दाबून ठेवायची ते) हलक्या माणसासाठी लावलेला आणि चालवणारा वजनदार. चालवणारा बसल्यावर गाडी किती खाली बसते हे आधी मोजतो. रस्त्यावरच्या गाडीला एकूण हालचालीच्या साधारण एकतृतीयांश ठीक. प्रीलोडच्या दोन खाचा फिरवून जर काम होत असेल तर ग्राहकाला शॉकअप का उघडायला लावायचा?

हळूहळू इतर गॅरेजवाले आमच्याकडे शॉकअप पाठवू लागले. आता गाडी न येता फक्त शॉकअप येण्याचं प्रमाण जास्त आहे. त्यामुळे सोबत एक कागद मागतो: चालवणाऱ्याचं वजन, मागे कोणी बसतं का, सामान किती, रस्ता कसा. जुने भाग पिशवीत घालून परत देतो. आमच्या कामाची आम्ही लेखी हमी देतो, सील आणि गॅस दोन्हींची. हमीच्या कागदावर ती कशाला लागू नाही हेही त्याच आकाराच्या अक्षरांत छापलेलं आहे: अपघात, वाकलेला दांडा, आणि थेट सीलवर उच्च दाबाच्या पाण्याने धुणं. या शेवटच्या गोष्टीबद्दल प्रत्येक ग्राहकाला तोंडीही सांगतो, कारण पाण्याचा जोरदार झोत धूळ सीलच्या कडेखाली ढकलतो. गाडी धुतल्यावर फोर्कचे पाइप मऊ फडक्याने पुसले तरी सीलचं आयुष्य बरंच वाढतं.

सध्या नवा अभ्यास चालू आहे तो इलेक्ट्रॉनिक सस्पेन्शनचा. यात डॅम्परमध्ये विजेवर चालणारा व्हॉल्व्ह असतो, सेन्सर चाकाची हालचाल मोजतात आणि गाडीचा संगणक तेलाची वाट कमीजास्त करतो. या गाड्याही आता वॉरंटीबाहेर पडू लागल्या आहेत. आतलं सील, तेल, गॅस, बुश हे आमच्या ओळखीचं आहे, आणि तेवढं काम आम्ही घेतो. व्हॉल्व्ह किंवा सेन्सर गेलेला असेल तर तसं लिहून शॉकअप परत पाठवतो. भागीदाराने त्या व्हॉल्व्हची तपासणी करायला एक छोटं बेंच उभारायला घेतलंय. ते भरवशाचं झालं की त्याही कामाचं कार्ड छापू.