मराठी मीडियमवालीचं सायकॉलॉजी – इग्नूमधली माझी साडेतीन वर्षं

इग्नूमधून, म्हणजे इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठातून, बीए ऑनर्स सायकॉलॉजी केलं हे कळलं की लोक विचारतात, घरबसल्या होतं का गं, नोकरी सांभाळून जमतं का, म्हणून एकदा सगळं सविस्तर लिहून काढतेय. मी साताऱ्याची. शाळा पूर्ण मराठी मीडियम, बारावीनंतर शिक्षण सुटलं आणि पतसंस्थेत कॅश काउंटरला लागले. जुलै २०२१ ला अ‍ॅडमिशन घेतली तेव्हा ३३ वर्षांची होते. त्याच्या आदल्या वर्षभरात काउंटरवर एफडी मोडायला येणारी माणसं बघितली होती, कुणाचा नवरा गेलेला, कुणाचं दुकान बंद पडलेलं, स्लिप भरता भरता रडायला लागायची आणि मला काय बोलावं तेच सुचायचं नाही, नुसती पाण्याची बाटली पुढे करायचे. तेव्हापासून डोक्यात होतं की हे शिकायला पाहिजे.

सगळे ह्याला ऑनलाइन डिग्री म्हणतात. फॉर्म, फी, दरवर्षीचं री-रजिस्ट्रेशन ऑनलाइन, पुस्तकांच्या पीडीएफ ईज्ञानकोश ह्या इग्नूच्या साइटवर फुकट मिळतात ते खरंच आहे. पण असाइनमेंट हाताने लिहायच्या, परीक्षा सेंटरवर जाऊन पेपरवर द्यायची, जून नाहीतर डिसेंबरला, आणि प्रॅक्टिकलला स्वतः हजर राहायचं. एकूण १४८ क्रेडिट, एका क्रेडिटला ३० तासांचा अभ्यास धरलेला असतो, म्हणजे ४,४४० तास. हा हिशोब मी अ‍ॅडमिशननंतर केला, आधी केला असता तर कदाचित घाबरले असते. कमीत कमी तीन वर्षं, जास्तीत जास्त सहा, त्यामुळे एखाद्या वेळी नाही जमलं तरी सगळं बुडत नाही, नोकरीवाल्यांना हा फार मोठा आधार आहे. मी पहाटे साडेचार ते साडेसहा बसायचे, मुलगी उठायच्या आत.

खरा त्रास इंग्रजीचा झाला. शब्द वाचता यायचे पण अर्थ आत उतरायचा नाही. मग शंभर पानी वही घेतली आणि प्रत्येक शब्दासमोर मराठी शब्द आणि आपल्या रोजच्या जगण्यातलं एक उदाहरण लिहायला लागले. क्लासिकल कंडिशनिंग म्हणजे अभिजात अभिसंधान, उदाहरण, कुकरची शिट्टी झाली की माझ्या मुलीच्या तोंडाला पाणी सुटतं, भूक असो नसो. रिइन्फोर्समेंट म्हणजे प्रबलन, एखादी गोष्ट केल्यावर शाबासकी मिळाली की ती पुन्हा करावीशी वाटते ते. एबिंगहाउस ह्या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ मध्ये विसरण्यावर जे काम छापलं ते त्याने स्वतःवरच केलेल्या प्रयोगांवर होतं, अर्थ नसलेली अक्षरं पाठ करून किती वेळाने किती विसरतो ते मोजायचं. ते वाचल्यावर मीपण टेझ, नूज, झफ असली अक्षरं लिहून पाठ केली आणि दुसऱ्या दिवशी मोजून बघितली. वीसातली सहा आठवली. तो धडा मला आजही पाठ आहे, कारण तो मी स्वतः करून बघितला होता.

स्टॅटिस्टिक्समध्ये मात्र पहिल्या खेपेला नापास झाले. असाइनमेंटला ३० टक्के वेटेज आणि परीक्षेला ७०, पण पास व्हायला दोन्हीकडे वेगवेगळे ३५ टक्के लागतात. असाइनमेंट चांगली गेली होती, त्या भरवशावर राहिले, थिअरीत २४ मिळाले. फार रडले मी त्या दिवशी. नंतर काउंटरवर बसल्या बसल्याच डोक्यात प्रकाश पडला. आमच्याकडचे दोन पिग्मी एजंट, म्हणजे रोज फिरून लोकांची बचत गोळा करणारे, एक तीन दिवसांत ४,९००, ५,०००, ५,१०० आणतो, दुसरा २,०००, ५,०००, ८,०००. सरासरी दोघांची पाच हजारच. पण प्रमाण विचलन, म्हणजे आकडे सरासरीपासून किती विखुरलेत त्याचं माप, पहिल्याचं येतं साधारण ८२ आणि दुसऱ्याचं २,४४९. नुसती सरासरी बघितली तर दोघं सारखेच, आणि कॅश कुणाच्या दिवशी जुळवायला जड जाते ते मला दहा वर्षं माहीत होतं की! मग पुढचं सगळं, सहसंबंध, शून्य परिकल्पना, हळूहळू सुटत गेलं. दुसऱ्या खेपेला ५८.

प्रॅक्टिकलला पुण्याला जायचे, पहाटेची एसटी, स्वारगेटला उतरून पुढे रिक्षा. ज्या एका गोष्टीसाठी ही डिग्री केल्याचं मला समाधान वाटतं ती तिथेच शिकले.

एक व्यक्तिमत्त्वाची चाचणी कुणा माणसावर घेऊन जर्नलमध्ये लिहायची होती. ज्याच्यावर चाचणी घेतो त्याला मराठी पुस्तकांत प्रयुक्त म्हणतात. माझ्या प्रयुक्त शेजारच्या काकू. चाचणी इंग्रजीत, काकूंना इंग्रजी येत नाही, मी आपली एकेक वाक्य मराठी करून विचारत गेले. इंग्रजीत जिथे जिथे चिंतेबद्दल होतं तिथे तिथे मी विचारलं, काकू, तुम्ही काळजी करता का? काकू म्हणाल्या, "अगं, मी काळजी करायची नाही तर कुणी करायची? घर कसं चालंल?" प्रत्येक वेळी हो, अगदी ठामपणे. स्कोअर काढला तर चिंतेचा आकडा एवढा मोठा आला की मला रात्री झोप लागेना, काकूंना काही झालंय की काय.

पुण्याला मॅडमना दाखवलं. त्यांनी मराठी प्रश्न वाचले आणि शांतपणे म्हणाल्या, "तुम्ही काकूंची चिंता मोजलीच नाहीये, घरावरची माया मोजलीये." आपल्याकडे काळजी घेणं आणि काळजी करणं, दोन्हीला शब्द एकच. काकूंनी उत्तर दिलं ते त्यांच्या अर्थाने, मी मार्क टाकले ते इंग्रजीच्या अर्थाने. मॅडमनी मग समजावलं की भाषांतर केल्यावर ते दुसऱ्या कुणाकडून उलट इंग्रजीत करून घ्यायचं, अर्थ तोच राहिला का बघायचं, पुन्हा पुष्कळ लोकांवर घेऊन इथली मानकं, म्हणजे इथल्या माणसांचा साधारण स्कोअर किती येतो ते, ठरवायची, तेव्हा कुठे आकड्याला अर्थ येतो. मी ते प्रॅक्टिकल इंग्रजी येणाऱ्या एका मैत्रिणीवर पुन्हा केलं.

घरी आल्यावर काकूंकडेच जाऊन बसले आणि नुसतं विचारलं, काकू, जिवाला कधी बरं वाटत नाही तेव्हा काय म्हणता तुम्ही? घोर लागणं, धास्ती, हुरहूर, जीव घाबरा होणं, काळजात धस्स होणं, छातीवर दगड ठेवल्यासारखं वाटणं, त्या सांगत गेल्या, मी लिहीत गेले. प्रत्येकाचा अर्थ वेगळा. घोर महिनोन्‌महिने लागतो, धस्स क्षणात होतं. वहीची चार पानं भरली.

२०२४ च्या डिसेंबरच्या परीक्षेत शेवटचे पेपर दिले आणि पास झाले. आता जे विचारतात त्यांनी हे नीट वाचा. यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, जुलै-ऑगस्ट २०२५ च्या सत्रापासून सायकॉलॉजी डिस्टन्स आणि ऑनलाइन शिकवायला बंदी घातलीये, २०२१ च्या आरोग्यसेवा व्यावसायिकांच्या कायद्यात हा विषय येतो म्हणून. त्यामुळे कुणी ऑनलाइन डिग्रीची जाहिरात दाखवली तर पैसे भरायच्या आधी यूजीसीच्या साइटवर स्वतः तपासा. काकूंच्या चाचणीनंतर मलाही पटतं की हे समोरासमोर बसून शिकायला पाहिजे, पण माझ्यासारखीला दिवसाचं कॉलेज कुठून जमणार होतं, ते दार बंद झाल्याचं फार वाईट वाटतं. आणि बीए झालं म्हणजे समुपदेशक झालो असं नाही. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट व्हायचं तर पुढे बरंच शिकावं लागतं आणि आरसीआयची, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेची, नोंदणी लागते.

मी अजून काउंटरलाच आहे. कुणी रडायला लागलं तर आता पाण्याची बाटली देते आणि बाजूच्या खुर्चीत बसवून ऐकते, कॅश दहा मिनिटं दुसरी मुलगी बघते. जास्त वाटलं तर टेलिमानस ह्या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर स्लिपच्या मागे लिहून देते, तो फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं. काळजी करता का असं मात्र कुणालाच विचारत नाही. घोर कशाचा लागलाय, असं विचारते.