गोळी, श्रीखंड आणि आमचे चिरंजीव

आमचे चिरंजीव तीन वर्षांचे असताना नेफ्रोटिक सिंड्रोम निघाला. म्हणजे किडनीच्या गाळणीतून लघवीवाटे प्रोटीन निसटून जातं आणि अंगावर सूज येते. सकाळी उठला की डोळे सुजलेले, आम्हाला वाटलं डास चावला असेल, ऍलर्जी असेल, चार दिवस त्यातच घालवले, मग चड्डीचं इलॅस्टिक पोटात रुतायला लागलं तेव्हा धावत गेलो.

औषध प्रेडनिसोलोन, म्हणजे स्टेरॉइड. वजन १५ किलो, किलोमागे २ मिलीग्राम, म्हणजे रोज १० च्या तीन गोळ्या. ६ आठवडे रोज, मग डोस कमी करून ६ आठवडे एक दिवसाआड. मनाने एकदम बंद करायची नाही हे डॉक्टरांनी तीनदा बजावलं, कारण तोवर शरीराची स्वतःचं स्टेरॉइड बनवायची सवय सुटलेली असते. ऐकायला सोपंय. ती गोळी चाखून बघा एकदा. मी पंधरा दिवसांनी चाखली, पहिल्याच दिवशी चाखायला हवी होती. दोन ग्लास पाणी प्यायले तरी कडूपणा घशातून हलेना.

पहिला आठवडा नुसती कुस्ती. मी पाय धरायचे, नवरा डोकं, आणि सासूबाई पलीकडून "गिळ रे सोन्या पटकन, झालं झालं". मग सगळं माझ्या गाऊनवर. आता पोटात किती गेली, परत द्यायची का, म्हणून डॉक्टरांना फोन. आडवं पाडून, नाक दाबून देत होतो हे कळल्यावर त्यांनी आम्हाला जाम झापलं, औषध श्वासनलिकेत जाऊ शकतं. दुधात घालून पाहिली, पण अर्धा ग्लास उरला की अर्धा डोस उरला.

मग माझं डोकं चाललं, श्रीखंड! तीन दिवस मस्त. चौथ्या दिवशी चमचा तोंडात गेला, थांबला, माझ्याकडे बघितलं. रडला नाही. चमचा वाटीत ठेवला आणि वाटी ढकलली. श्रीखंड बंद, दही बंद, आणि पुढे दोन दिवस मी भरवलेला वरणभातसुद्धा आधी हुंगायचा. ते हुंगणं मला फार लागलं.

शेवटी खरं सांगून टाकलं, कडू आहे, घ्यायचीच आहे, कशातून घ्यायची ते तू ठरव. साहेबांनी आंब्याचा जॅम ठरवला. आधी बर्फाचा तुकडा चोखायचा, जीभ बधिर झाली की दोन चमच्यांमध्ये दाबून चुरलेली गोळी अगदी छोट्या चमचाभर जॅममध्ये, आणि वर पोळीचा घास, कारण उपाशीपोटी द्यायची नाही. चुरायचं कामही तोच करतो, अर्धी पूड ओट्यावर सांडू नये म्हणून मी खाली ताटली धरते. कधी कधी अजूनही पळतो, नाही असं नाही.

खरी जादू मात्र लघवी तपासायच्या पट्टीने केली. रोज सकाळी बुडवायची, पिवळी राहिली तर प्रोटीन नाही, हिरवी झाली तर आहे. अकराव्या दिवशी पिवळी राहिली तेव्हा तो पट्टी घेऊन घरभर नाचला. आता वहीत रंग तोच भरतो. मध्ये सर्दी झाली आणि सलग तीन दिवस गडद हिरवी, म्हणजे रिलॅप्स, आजार उलटला, परत रोजच्या गोळ्या. तेव्हा त्यानेच विचारलं, "परत पिवळी करायची ना?"

स्टेरॉइडमुळे लागणाऱ्या भुकेचं तर बोलूच नका, पहाटे चारला पोळी मागतो, गालही त्यानेच टम्म. सोसायटीतल्या काकू म्हणतात छान बाळसं धरलंय. मी हो म्हणते, कोण समजावत बसणार.

पाडव्याला सासूबाईंनी कडुनिंबाची चटणी केली, गूळ, ओवा, चिंच सगळं घालून. आम्ही सगळे तोंडं वाकडी करत खाल्ली. त्याने बोटभर घेतली, चघळली, आणि म्हणाला, "हॅ, ही तर काहीच कडू नाहीये." आणि अजून मागितली. श्रीखंडाची वाटी मात्र तशीच बाबाच्या ताटाकडे सरकवली.