चोवीसची फ्रेम

सहा महिने झाले, साताऱ्यात मी एक जुनी लोखंडी सायकल शोधतोय. काळी, 28 इंची चाकांची, सळयांच्या ब्रेकची. उंची जरा जास्त मिळाल्यामुळे फ्रेम 24 इंची हवी, आणि घोडं तिथेच अडतं. इथे जी निघते ती 22 ची. चालवायला घेतली की गुडघे हँडलला नमस्कार करतात.

दुकानात गेलं की गिअरवाली, जाड टायरची समोर आणतात. तिचा टायर फाटला की पुण्याहून मागवा. 28 दीडचा, म्हणजे 28 इंची, दीड इंच जाडीचा टायर मात्र अजूनही कुठल्याही पंक्चरवाल्याकडे खिळ्याला टांगलेला असतो. शिवाय वाकून सायकल मारायचं माझं वय गेलं.

उरला भंगारवाला. त्याच्याकडे सायकलचा भाव किलोवर. "वीस किलो भरंल," म्हणत त्याने एक काट्यावर चढवलीसुद्धा. 24 चीच होती! पण रंग ताजा, इतका ताजा की स्पोकवर, व्हॉल्व्हवर, चेनवरही ब्रश फिरलेला. अशा वेळी मी रंगाकडे बघत नाही, हँडलच्या जोडामागे तिरक्या नळीच्या खालच्या अंगाला बोट फिरवतो. कधी समोरून धडक बसली असेल तर तिथे बारीक फुगवटा येतो. डोळ्याला दिसत नाही, बोटाला लागतो. लागला. त्यात पेडलचे दांडे जागी धरणाऱ्या कॉटर पिनांची डोकी हातोडीने ठोकून पार चपटी केलेली.

"ॲटलास हाय सायेब, आता येनार न्हाई," त्याने भाव धरून ठेवला. तेवढ्यापुरतं त्याचं चुकत नव्हतं. ॲटलास या सायकल कंपनीचा साहिबाबादचा कारखाना 3 जून 2020 ला बंद पडला, नेमका जागतिक सायकल दिनाला. पण म्हणून वाकडी फ्रेम सरळ होत नाही.

आणि मग परवा मंडईत दिसली. 24 ची, मूळ रंगाची, नळीवर नगरपालिकेच्या लायसनचा पितळी बिल्ला अजून रिबीट मारलेला. हँडलला मेथीची पिशवी. मी निर्लज्जासारखा खाली बसून जोडामागे बोट फिरवलं. गुळगुळीत! मान वर केली तर मालक उभे. धोतर, टोपी, सत्तरीच्या पुढचे.

"आजोबा, विकणार का?"

त्यांनी सायकलकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "मग घरी कसा जाऊ?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. रिक्षाचं भाडं देतो म्हणणार होतो, गिळलं. त्यांनी पेडलवर पाय ठेवून दोन टांगा मारल्या, वर बसले आणि पोवई नाक्याच्या उताराला लागले. चेन कोरडी होती, लांबपर्यंत कुरकुरत गेली.

तेव्हापासून सकाळी मंडईत मीच जातो. खिशात तेलाची छोटी बाटली असते. घरी मेथी फार झालीय.