पोहरा नसलेला प्रवासी

शहापूर, बेळगाव
रविवार, रात्री साडेनऊ

आज सलग दुसऱ्या रविवारी उपासनेला जाता आले नाही. पायाचे प्लास्टर निघायला अजून तीन आठवडे आहेत आणि पाऊस उघडायचे नाव घेत नाही, म्हणून सकाळी खाटेवर बसूनच योहानाच्या शुभवर्तमानाचा चौथा अध्याय वाचला. विहिरीवर येशूला भेटलेल्या शोमरोनी स्त्रीची ही गोष्ट मी रविवारच्या शाळेत वीस-पंचवीस वर्षे तरी शिकवली असेल. शिकवताना सगळा भर जिवंत पाण्यावर असायचा, आणि त्या बाईच्या पाच नवऱ्यांचा उल्लेख मुलांसमोर मी घाईने उरकत असे. आज मात्र सातव्या वचनापुढे बराच वेळ जाताच आले नाही. “मला प्यायला पाणी दे,” असे प्रभू तिला म्हणतो.

अडले ते स्वयंपाकघराच्या ओट्यावर असलेल्या डब्यामुळे. मागच्या दाराच्या ओल्या पायरीवरून घसरून पडले त्या दिवसापासून, म्हणजे गेले बारा दिवस, भिंतीपलीकडच्या अक्का मला दोन वेळचे जेवण पाठवीत आहेत. त्यांची भाषा कन्नड, माझी मराठी, इतक्या वर्षांच्या शेजारात आमचे बोलणे “ऊटा आत्तेन्री?” आणि “झालं, तुमचं?” यापलीकडे क्वचितच गेले होते. नाताळात मी करंज्यांचे ताट पाठवायचे, संक्रांतीला त्यांच्याकडून तिळगूळ यायचा आणि हिशेब चोख राहायचा. आता तो बिघडला आहे. ज्वारीची भाकरी, वांग्याची भाजी, शेंगदाण्याची चटणी असा डबा येतो, आणि आईने लहानपणी लावलेली शिस्त अशी की, शेजाऱ्याचे भांडे रिकामे परत करायचे नाही. पहिल्या दिवशी मी त्यात साखर घातली, दुसऱ्या दिवशी खारका, तिसऱ्या दिवशी मुलाने पुण्याहून आणलेली बिस्किटे. चौथ्या दिवशी घालण्यासारखे काही उरले नाही, तेव्हा मी अक्कांना सांगून टाकले की, उद्यापासून डबा नको, मी माझे काहीतरी करून घेईन. त्यांनी ते मनावर घेतले नाही, हे माझे नशीब. त्या रीतीत माया आहे यात शंका नाही. परंतु कोणाचे देणे एक रात्रही डोक्यावर राहू नये, या हट्टापायी मी ती पाळत होते, असे आज वाचताना लक्षात आले आणि फार अवघडल्यासारखे झाले.

यहूदियातून गालीलाकडे निघालेला येशू वाटेने थकून सूखार गावाजवळच्या याकोबाच्या विहिरीवर बसला आहे, वेळ भर दुपारची आहे आणि शिष्य अन्न विकत घ्यायला गावात गेले आहेत. विहीर खोल आणि त्याच्याजवळ पोहरा नाही. हेही ती बाईच त्याला ऐकवते. यहूदी शोमरोन्यांशी संबंध ठेवीत नसत, असे योहान तेथेच सांगतो, आणि तेथील ग्रीक क्रियापदाचा रोख एकमेकांची भांडी न वापरण्याकडे आहे, असे काही अभ्यासक मानतात. तसे असेल, तर त्याला तिच्याच घागरीचे पाणी प्यावे लागणार होते. हे वैर वरवरचे नव्हते. गरिज्जीम डोंगरावरचे शोमरोन्यांचे मंदिर यहूदी सत्ताधाऱ्यांनी येशूच्या जन्माच्या शंभरएक वर्षे आधी उद्ध्वस्त केले होते. खरी उपासना या डोंगरावर की यरुशलेमात, हा प्रश्न ती बाई अनोळखी माणसालासुद्धा विचारते, यावरून तो घराघरांत किती मुरलेला असेल याची कल्पना येते. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपासून चाललेला सीमावाद ऐकत लहानाच्या मोठ्या झालेल्या आम्हा बेळगावकरांना तो मुरलेपणा समजावून सांगावा लागत नाही, जरी त्या वादाची आणि आमच्या वादाची जात एक नव्हे.

अशा ठिकाणी प्रभू आधी देत नाही, मागतो. त्याच्याजवळ देण्यासारखे जिवंत पाणी आहे, हे दहाव्या वचनात येतेच. पण तोपर्यंत तोच गरजवंत आहे आणि घागर तिच्या हातात आहे. आम्ही ख्रिस्ती मंडळीची माणसे नेमके उलटे करतो. पेज घेऊन आजाऱ्याकडे जाणे आम्हाला जमते, वर्गणी काढणे जमते, नाताळचे ताट तर जमतेच. त्याच माणसाच्या दारात उभे राहून “मला थोडे द्या” म्हणणे मात्र जमत नाही. (१८२० मध्ये लंडन मिशनरी सोसायटीने बेळगावात काम सुरू केले, तेव्हापासून आमच्या मंडळीने किती घेतले आहे, याचा आम्हाला सोयीस्कर विसर पडलेला असतो.)

दिवसभर मग प्रभूने कोणाकोणाकडून काय काय घेतले तेच आठवत बसले. शिमोनाची होडी, यरुशलेमात बसून जायला शिंगरू, वल्हांडणाच्या भोजनासाठी वरची खोली आणि शेवटी अरिमथाईकर योसेफाची कबर, हे सारे दुसऱ्यांचे होते. मग्दालीया मरीया, योहान्ना, सुसान्ना आणि इतर स्त्रिया आपल्या पैशाअडक्यातून त्याची व शिष्यांची सोय करीत असत, हे लूक सरळ लिहून ठेवतो. बेथानीत तीनशे दीनारांहून अधिक किमतीचे, म्हणजे मजुराच्या जवळजवळ वर्षभराच्या मजुरीइतके, सुगंधी तेल त्याच्यावर ओतले गेले, तेव्हा ते गरिबांच्या नावाने नाकारणे त्याला सोपे होते; उलट तेल ओतणाऱ्या स्त्रीला बोल लावणाऱ्यांनाच त्याने थांबवले. माझे दुखणे मला सर्वांत स्पष्ट दिसले ते त्याच्या शिष्यात, पेत्रात. येशू शिष्यांचे पाय धुऊ लागतो आणि तुम्ही माझे पाय कधीच धुवायचे नाहीत, असे पेत्र म्हणतो तेव्हा ती नम्रता वाटते, आणि मीही ती नम्रताच समजत आले होते.

घेण्यापेक्षा देण्यात अधिक धन्यता आहे, हेही प्रभूचेच वचन असून ते प्रेषितांच्या कृत्यांत पौलाच्या तोंडी आले आहे, आणि आयुष्यभर माझे ते पाठ आहे. पण ती धन्यता अक्कांना मिळायची असेल, तर घेणारे कोणीतरी हवे; बारा दिवसांपूर्वी हे मला कोणी सांगितले असते तर मी विषय बदलला असता.

येशू अखेर ते पाणी प्याला की नाही, हे योहान लिहीत नाही. बाई घागर तेथेच टाकून गावात गेली, एवढे लिहितो. पुढे शोमरोन्यांच्या आग्रहावरून तो तेथे दोन दिवस राहिला. दोन दिवस म्हणजे त्यांच्याच भांड्यांतले पाणी आणि त्यांचीच भाकरी आली.

संध्याकाळचा डबा मी धुऊन पालथा घातला आहे. उद्या तो रिकामाच जाईल.

रात्री काही लागले तर काठीने भिंतीवर दोनदा ठोकायचे, असे अक्कांनी पहिल्याच दिवशी खुणेने समजावले होते. अजून मी एकदाही ठोकलेले नाही. गोळी घ्यायची आहे, उशाशी असलेल्या तांब्यातले पाणी संपले आहे आणि कुबड्या घेऊन तांब्या भरून आणणे दुपारीच जमले नव्हते. पाच-दहा मिनिटे तशीच बसून राहिले. मग दोनदा ठोकले. पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला आहे, म्हणून आज इथेच थांबते.